आधी घर, मग देऊळ

सकाळी सहा

गुरुवारी मी कोर्टाची तारीख शक्यतो घेत नाही. हा दिवस मृत्युपत्रांचा. नगरमध्ये वकिली करते, माझी मंडळीही इथलीच, त्यामुळे येणारी बहुतेक माणसं आपल्या ख्रिस्ती घरांतली असतात. निवृत्त नर्सेस, मिशनच्या शाळांतले शिक्षक, मिस्त्री, ड्रायव्हर, नेवासे-शेवगावकडचे शेतकरी. इस्टेट हा शब्द त्यांना आपल्यासाठी फार मोठा वाटतो. एक ब्लॉक, दोन-चार मुदत ठेवी, थोडं सोनं, कुणाची एकर-दीड एकर जमीन. पण त्यातला काही भाग चर्चला, वसतिगृहाला किंवा मिशनच्या दवाखान्याला जावा, अशी इच्छा त्यांच्यातल्या पुष्कळांच्या मनात असते, आणि ती नीट पार पडावी म्हणून हा दिवस मी राखून ठेवते.

पिशवीत कोरे कागद, निळ्या शाईची दोन पेनं, इंकपॅड आणि एक भिंग. म्हाताऱ्या माणसाला स्वतःचं मृत्युपत्र स्वतःच्या डोळ्यांनी वाचता आलं पाहिजे, याबद्दल मी हट्टी आहे.

सकाळी साडेसात

वयस्कर माणसांकडे मी सकाळीच जाते. दुपारी गोळ्यांची गुंगी असते, संध्याकाळी पाहुणे असतात. सकाळच्या चहानंतर डोकं स्वच्छ असतं आणि बोलायला सवड असते.

आज मिशन हॉस्पिटलात आयुष्य घालवलेल्या एक सिस्टर. लग्न केलं नाही. दोन खोल्यांचा ब्लॉक, पेन्शन, ठेवी, चार पाटल्या. सोबत भाची राहते, खाजगी शाळेत तुटपुंज्या पगारावर शिकवते. मी भाचीला दूध आणायला पाठवलं. मृत्युपत्राचं बोलणं सुरू झालं की ज्याला काही मिळायचंय त्यानं त्या खोलीत थांबायचं नाही, हा माझा नियम तिला ठाऊक आहे.

"ताई, सगळं चर्चला लिहून टाक," सिस्टर म्हणाल्या. "मिशननं मला शिकवलं, नोकरी दिली. मी गेल्यावर सगळं देवाच्या घरी जाऊ दे."

"हे कुणी सुचवलं, सिस्टर?"

"कुणी कशाला सुचवेल? माझ्याच मनात आहे ते."

"आणि भाचीनं कुठं जायचं?"

"ती तरुण आहे. बघेल तिचं ती."

मी काही बोलले नाही. सिस्टरांनी पदराच्या टोकाला उगीचच गाठ मारली, सोडली. मग म्हणाल्या, "रात्री दोनदा उठवते मी तिला. बाथरूमला न्यावं लागतं. कधी कुरकुर केली नाही पोरीनं."

मार्कच्या सातव्या अध्यायातला कुर्बानचा प्रसंग मी त्यांना आठवून दिला. आईबापांच्या उपयोगी पडायचा पैसा देवाला वाहिला असं सांगून हात झटकणाऱ्यांना येशूनं तिथं खडसावलं आहे. या कामाचा पाया मला त्या प्रसंगात सापडतो. ज्यांचं आपल्यावाचून अडेल त्यांची सोय आधी. देवळाला जायचं ते त्यानंतर, आणि तेव्हा ते मोकळ्या मनानं जातं.

कायदाही समजावून सांगितला. ख्रिस्ती माणसाचा वारसा 1925 च्या भारतीय वारसा कायद्यानं चालतो. मृत्युपत्र केलंच नाही तर सिस्टरांची मिळकत भावंडांत वाटली जाईल, आणि जी भावंडं आधी गेली त्यांचा हिस्सा त्यांच्या मुलांकडे. म्हणजे वर्षानुवर्षं न फिरकलेल्या भावालाही हिस्सा, आणि रात्री उठणाऱ्या भाचीला तिच्या आईच्या वाट्यातला तुकडा, बाकीच्या भावंडांशी वाटून. उलट मृत्युपत्र केलं तर कायदा कुणाचाच वाटा राखून ठेवत नाही. आपण सगळं कुणालाही देऊ शकतो. हातात इतकी सत्ता असताना आपण कुणाला उघड्यावर टाकतोय, हे बघणं आपलंच काम.

शेवटी सिस्टरांनी स्वतः ठरवलं. ब्लॉक आणि पाटल्या भाचीला. ठेवी आणि बाकी जे उरेल त्यातले चाळीस टक्के नर्सिंगच्या मुलींच्या वसतिगृहाला, साठ टक्के भाचीला. मी त्यांना आकड्याऐवजी टक्के लिहायला सांगितलं. वसतिगृहाला दोन लाख असं लिहून ठेवलं आणि शेवटच्या आजारपणात ठेवी मोडाव्या लागल्या, तर दोन लाख आधी तिकडे जातील आणि ठेवींतलं भाचीच्या हाती काहीच उरायचं नाही. टक्क्यांत लिहिलं की कमी-जास्त दोघांच्याही वाट्याला सारखं येतं.

निघताना भाची दूध घेऊन आली. सिस्टरांनी तिला सगळं सांगून टाकलं. सांगायची सक्ती नव्हती, पण घरच्यांना माहीत असलेल्या दानावर सहसा भांडण होत नाही, असा माझा अनुभव आहे.

सव्वानऊ

रस्त्यातच अमेरिकेहून फोन. नगरची मुलगी, आता तिकडची नागरिक. आई इथं एकटी आहे. आईच्या पश्चात घर विकून पैसे आपल्या लहानपणीच्या चर्चला द्यायचे, असं तिच्या मनात. हेतू चांगला, वाट चुकीची. परदेशी नागरिकत्व घेतलेली व्यक्ती विदेशी अंशदान कायद्याच्या, म्हणजे एफसीआरएच्या दृष्टीनं विदेशी स्रोत ठरते. जन्म नगरचा असला, पैसे रुपयांत असले, तरी चर्चकडे त्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर ते पैसे घेता येत नाहीत. नोंदणी असली तरी ते आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावे लागतात. आईच्या खात्यावर पाठवून आईच्या हातून द्यायची पळवाट तिनं विचारली, तिला मी स्पष्ट नाही म्हटलं. आई भारतीय नागरिक आहे आणि घर आईचं आहे. आईला खरंच वाटत असेल तर तिनंच आपल्या मृत्युपत्रात चर्चचा हिस्सा लिहावा. पण आईला हे वाटतं का, ते मी आईलाच एकटीला भेटून विचारणार.

साडेदहा

ऑफिसात निवृत्त गुरुजी आणि त्यांच्या पत्नी. मूलबाळ नाही. घर गुरुजींच्या एकट्याच्या नावावर.

"मी गेलो तर हिचंच की सगळं," गुरुजी म्हणाले.

तसं नाही. मूल नसलेला ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या बायकोला निम्मं मिळतं, उरलेलं निम्मं त्याच्या रक्ताच्या नातलगांना. गुरुजींना भाऊ आहेत. म्हणजे म्हातारपणी बाईंना राहत्या घराच्या निम्म्यात दिरांबरोबर भागी. बाईंनी हे पहिल्यांदाच ऐकलं. मुलं असती तर एक तृतीयांश बायकोला आणि दोन तृतीयांश मुलांना, मुलगा-मुलगी सारखे.

गुरुजींची इच्छा अशी की दोघांच्या मागं घर गावच्या मिशन शाळेच्या वसतिगृहाला जावं. पण त्यांच्या मनात एक जुनी भीती होती. चर्चला किंवा धर्मादाय कामाला द्यायचं तर मृत्युपत्र करून वर्षभर जगावं लागतं, असं त्यांनी वडिलांकडून ऐकलेलं. त्यांच्या वडिलांच्या काळी ते खरं होतं. वारसा कायद्याच्या कलम 118 प्रमाणे ज्याला पुतण्या, भाची किंवा त्याहून जवळचा नातलग आहे त्याला धर्मादाय कामासाठी मिळकत ठेवायची तर मृत्युपत्र मरणाच्या निदान बारा महिने आधी केलेलं असावं लागे, आणि केल्यापासून सहा महिन्यांत ते सरकारी ठेवीत जमा करावं लागे. मरणशय्येवरच्या माणसावर धर्मगुरूंनी दडपण आणू नये, अशी त्यामागची जुनी इंग्रजी कल्पना. ती अट हिंदूंना नव्हती, मुसलमानांना नव्हती, मुख्यतः आपल्यावर होती. केरळचे एक धर्मगुरू जॉन वल्लमट्टम सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 2003 साली ते कलम घटनाबाह्य म्हणून रद्द झालं. निकाल योग्यच झाला. पण ज्या दडपणाची भीती त्या कलमामागं होती ती खोटी नव्हती. कलम गेलं, आता ती काळजी आपण स्वतः घ्यायची, असं मी मानते.

मग घराचं. दोन वाटा होत्या. एक, बाईंना हयातीपर्यंत राहण्याचा हक्क आणि त्यांच्यानंतर घर थेट वसतिगृहाच्या ट्रस्टला. दुसरी, घर पूर्ण मालकीनं बाईंना, आणि बाईंनी आपलं वेगळं मृत्युपत्र करून ते वसतिगृहाला द्यायचं. पहिल्या वाटेत दान पक्कं, पण बाईंना उद्या मोठं ऑपरेशन निघालं तर घर विकता येणार नाही. मी दुसरी वाट सुचवली.

"आणि हिनं मागाहून बदललं तर?" गुरुजींनी विचारलं.

"तर तो त्यांचा निर्णय असेल, गुरुजी. घर त्यांचं असेल."

बाई तोवर गप्प होत्या. म्हणाल्या, "एवढी वर्षं तुमच्या पगारात चर्चचा दशमांश कोण बाजूला काढत होतं?" गुरुजींनी मान हलवली. दोन मृत्युपत्रं करायचं ठरलं. जाताना बँकेच्या पावत्या पाहिल्या. ठेवीला नॉमिनी म्हणून अजून धाकट्या भावाचं नाव, लग्नाच्या आधी घातलेलं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो पैसे स्वीकारून वारसांना देणारा. सर्वोच्च न्यायालयानं 2023 साली शेअर्सच्या बाबतीतही तेच सांगितलं. तरी नाव आजच बदला म्हटलं. नुसत्या नावावरून घरं फुटलेली पाहिली आहेत.

बारा

दुय्यम निबंधकांचं कार्यालय. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, त्याला मुद्रांक शुल्कही लागत नाही. साध्या कागदावर, सही करून, दोन साक्षीदारांसमक्ष केलेलं मृत्युपत्र चालतं. तरी शक्य असेल तिथं मी नोंदणी करवते. नोंदलेलं मृत्युपत्र पुस्तक क्रमांक 3 मध्ये जातं, आणि करणारा जिवंत असेपर्यंत त्याची नक्कल त्याच्याशिवाय किंवा त्यानं नेमलेल्या माणसाशिवाय कुणाला मिळत नाही. घरी कपाटात ठेवलेला कागद मात्र कुणाच्याही हाती लागू शकतो.

आज एक मिस्त्रीबाबा होते. जन्मभर दगड आणि सिमेंट हाताळलेलं. अंगठ्याच्या रेषा जवळजवळ पुसून गेलेल्या, यंत्र ठसा घेईना. कारकुनानं ओल्या फडक्यानं अंगठा पुसला, कोरडा केला, पुन्हा ठेवायला सांगितला. नाही. मग दुसरं बोट, मग डावा हात. बाबा प्रत्येक वेळी श्वास रोखून बोट दाबून धरत होते, आणि मागं रांग वाढत होती. कुणी तक्रार केली नाही. डाव्या हाताच्या एका बोटाचा ठसा अखेर उमटला, पडद्यावर हिरवी खूण आली.

त्यांचं मृत्युपत्र एका पानाचं आहे. घर दोन मुली आणि मुलगा यांना सारखं. बँकेतल्या शिलकीचा दहावा हिस्सा दफनभूमीच्या भिंतीच्या दुरुस्तीसाठी. ती भिंत त्यांनीच बांधलेली आहे, मजुरी न घेता.

साक्षीदार दोघं, त्यांच्या गल्लीतले, तिशीतले. एक पद्मशाली, एक मराठा. साक्षीदार ख्रिस्तीच पाहिजे असं काही नाही, पण तरुण पाहिजे. पुढं वाद झाला तर निदान एका साक्षीदाराला कोर्टात येऊन सांगावं लागतं, आणि ऐंशी वर्षांच्या माणसानं ऐंशी वर्षांच्या मित्राची सही घेतली तर सांगायला कुणी उरत नाही. दुसरं, ज्याला काही मिळणार आहे त्यानं किंवा त्याच्या नवऱ्या-बायकोनं साक्षीची सही करायची नाही. आपल्या कायद्यात त्यामुळं मृत्युपत्र मोडत नाही, पण त्या माणसाला दिलेलं रद्द होतं. आईच्या मृत्युपत्रावर जावयानं सही केली आणि मुलीचा वाटा गेला, असं सहज घडू शकतं.

दोन वाजता डबा.

अडीच

नेवासे तालुक्यातले एक शेतकरी काका, मुळा कालव्याखाली जमीन, ऊस आणि कांदा. मोठा मुलगा गाडीपाशी थांबला. काकांना वीस गुंठे गावच्या चॅपलला लिहून द्यायचे आहेत. उपकारस्तुतीच्या सणाला दरवर्षी पहिली मोळी ते चॅपलपुढं ठेवतात, आता जमीनच द्यावी असं मनात आलं.

काकांना नाही सांगणं मला जड गेलं. आमच्या भागात शेतजमीन शेतकरी नसलेल्याकडे जाण्यावर 1948 च्या कूळकायद्याच्या कलम 63 चं बंधन आहे, आणि चॅपलचा ट्रस्ट शेतकरी नाही. मृत्युपत्रानं दिली तर चालेल, अशी पूर्वी लोकांची समजूत होती. पण 2020 साली सर्वोच्च न्यायालयानं गुजरातच्या एका प्रकरणात, शेतकरी नसलेल्याला मृत्युपत्रानं शेतजमीन देऊन त्या कायद्याला वळसा घालता येणार नाही, असा निकाल दिला. गुजरातचा तो कायदा आणि आपला एकाच मुंबई कायद्यातून आलेले. म्हणून शेतजमीन चर्चच्या नावे लिहून द्यायला मी कुणालाही सांगत नाही. काका गेल्यावर फेरफार अडकेल, मुलं आणि मंडळी तहसीलमध्ये समोरासमोर उभी राहतील, आणि ज्या गावात रविवारी एका बाकावर बसायचं तिथं बोलणं बंद होईल.

काकांचा चेहरा उतरला. मग आम्ही दुसरी वाट काढली. जमीन मुलांना, आणि जमीन मिळाल्यापासून दोन वर्षांच्या आत त्यांनी चॅपलच्या ट्रस्टला ठराविक रक्कम द्यावी अशी अट. रक्कम एका हंगामाच्या ऊसबिलातून निघेल एवढीच. बाहेरून मुलाला बोलावून त्याच्यासमोर काकांनीच हे सांगितलं. तो म्हणाला, "दादा, आत्ताच देऊ की, कागद कशाला?" हे उत्तर मला सर्वांत आवडलं. जिवंतपणी, हाताला झेपेल तेवढं, स्वतः नेऊन दिलेलं दान सगळ्यात सोपं.

उठताना मी विचारलं, "मुलगी?"

"ती पुण्याला दिली."

"दिली म्हणून वाटा जात नाही, काका." गणनेच्या पुस्तकात सलाफहादाच्या मुली मोशेपुढं उभ्या राहिल्या आणि त्यांचं म्हणणं देवानंच रास्त ठरवलं, हे काकांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं, ते रविवारशाळा घ्यायचे. तरी ते थोडा वेळ खाली बघत राहिले. पुढच्या गुरुवारी मुलीलाही घेऊन येतो म्हणाले. तिला चॅपलच्या आधी मिळालं पाहिजे, हे मी त्यांना सांगून ठेवलं.

साडेचार

धर्मादाय कार्यालयात एक बदल अर्ज दाखल केला. एका बाईंनी मृत्युपत्रानं ट्रस्टला दिलेली खोली ट्रस्टच्या नोंदवहीत चढवायची होती. नव्वद दिवसांच्या आत हे करावं लागतं. पुष्कळ मंडळ्या ते करत नाहीत, आणि दान दिलेली मिळकत वर्षानुवर्षं मेलेल्या माणसाच्या नावावर पडून राहते.

साडेपाच

पास्टोरेट कमिटीची बैठक. आजच्या दिवसातलं हे सर्वांत अवघड काम.

आधी नावाचा विषय. लोक मृत्युपत्रात आपल्या चर्चला एवढंच लिहितात. कोणतं चर्च? 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हापासून मिळकती कुणाच्या यावर ठिकठिकाणी वाद चालले आहेत. गुजरातमधल्या ब्रेदरन मंडळीच्या खटल्यात 2013 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मंडळ्या एक झाल्या म्हणून सार्वजनिक ट्रस्टच्या मिळकती आपोआप नव्या संस्थेच्या होत नाहीत. म्हणून मृत्युपत्रात फलकावरचं नाव चालणार नाही. ट्रस्टच्या नोंदणी प्रमाणपत्रावरचं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक आणि पत्ता लागतो. मी सेक्रेटरींना विनंती केली की हे तिन्ही एका कागदावर छापून चर्चच्या दाराशी ठेवा. ते लगेच कबूल झाले.

मग खरा वाद. एका शिक्षिकेनं वसतिगृहातल्या मुलींच्या फीसाठी ठेवलेले पैसे मंडळीच्या खात्यात आलेत. खजिनदारांचं म्हणणं, पावसाळ्याआधी छत दुरुस्त करायला ते तात्पुरते वापरू, नंतर भरून काढू. छत खरंच गळतं. पैसे दुसरीकडून यायला वेळ लागेल, हेही खरं. मी विरोध केला. बाईंनी ज्या कामासाठी पैसे ठेवले त्या कामालाच ते गेले पाहिजेत. त्या आता येऊन विचारू शकत नाहीत, म्हणून त्यांच्या वतीनं आपणच विचारायचं. आणि मंडळीतला प्रत्येक म्हातारा माणूस आपण या पैशाचं काय करतो ते पाहतोय. एकदा पैसे वळवले तर पुढचा कुणी लिहून देणार नाही, आणि त्याचं चुकणारही नाही.

एक वडील म्हणाले, "ताई, तुम्ही सारखं नाही-नाही सांगता. अशानं मंडळी चालणार कशी?"

मिशनच्या दिवसांची आठवण त्यांनीच काढली. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम 1831 ला सुरू झालं. त्यामागं बोस्टनचं अमेरिकन बोर्ड होतं, आणि त्या बोर्डाला 1879 साली न्यू लंडन गावच्या एसा ओटिस नावाच्या व्यापाऱ्यानं मृत्युपत्रानं सुमारे दहा लाख डॉलर ठेवले. ज्यांनी कधी नगर पाहिलं नाही अशा माणसांच्या देणग्यांवर ते बोर्ड चाललं. तो ओघ कधीच आटला. आता पाळकाचा पगार, छत, वसतिगृह हे आपल्याच माणसांनी द्यायचं आहे. वडिलांचा मुद्दा बरोबर होता. मी म्हटलं, म्हणूनच मागताना आपले हात स्वच्छ पाहिजेत.

मी काही गोष्टी लेखी मांडल्या होत्या. पाळकसाहेबांनी सभासदाच्या मृत्युपत्रावर साक्षीची सही करू नये, त्याचे व्यवस्थापकही होऊ नये, आणि आजारी माणसाच्या भेटीला गेल्यावर हा विषय काढू नये. ज्याला लाभ होणार त्यानंच मृत्युपत्र करण्यात पुढाकार घेतला तर न्यायालय त्याकडे संशयानं पाहतं, हे 1959 पासून सर्वोच्च न्यायालय सांगत आलं आहे. आणि सतत मागं लागून, माणसाला स्वतःचं मन उरू न देता करून घेतलेलं मृत्युपत्र कायद्यानं निरर्थक आहे. मृत्युपत्रानं आलेल्या पैशाचं बँक खातं वेगळं असावं आणि वार्षिक सभेत त्याचा हिशेब मोठ्यानं वाचला जावा. शेवटची गोष्ट, ज्या दानामुळं विधवा, अपंग मूल किंवा सांभाळणारी नातलग बेघर होणार असेल ते मंडळीनं स्वीकारू नये.

शेवटच्या गोष्टीवर शांतता पसरली. "देवाला दिलेलं परत करायचं?" कुणीतरी विचारलं.

"त्या विधवेलाही देवानंच आपल्या हवाली केलंय," पाळकसाहेब म्हणाले. शेवटच्या घटका मोजणारी माणसं त्यांचा हात धरून लिहून घ्या म्हणतात, तेव्हा काय करावं कळत नाही, हेही त्यांनी सांगितलं. आता नियम असेल तर त्यांना नम्रपणे नाही म्हणता येईल. नियम मंजूर झाले. छतासाठी येत्या रविवारी वेगळी वर्गणी जाहीर करायचं ठरलं.

करसवलतीचं कुणीतरी विचारलं. एकाच धर्माच्या मंडळीला दिलेल्या देणगीवर आयकराची सवलत सहसा मिळत नाही, दवाखाना किंवा शाळेच्या धर्मादाय ट्रस्टकडे तशी मान्यता असू शकते. वारसाकर तर भारतात 1985 साली संपदा शुल्क गेल्यापासून नाहीच. त्यामुळे कर वाचवायला म्हणून कुणी चर्चला लिहून देऊ नये.

साडेसात

सावेडीत एका घरी प्रार्थना. जय ख्रिस्त करत सगळे जमले, गीत झालं, वचन झालं, चहाच्या वेळी प्रश्न सुरू झाले.

लग्न ठरलेल्या एका मुलानं आईच्या नावे मृत्युपत्र केलेलं होतं. लग्न झालं की ख्रिस्ती माणसाचं आधीचं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. हिंदूंना ही तरतूद लागू नाही, त्यामुळे वकीलही कधी विसरतात. विधुर पुन्हा लग्न करतो तेव्हाही हेच. पहिल्या बायकोच्या मुलांसाठी आणि चर्चसाठी लिहिलेलं सगळं त्या दिवशी पुसलं जातं, नवं करावं लागतं.

एका मावशींची मुलगी गोव्यात दिलेली. तिकडचा कायदा वेगळा आहे. मुलंबाळं असतील तर निम्मी मिळकत त्यांच्यासाठी राखीव राहते, उरलेल्या निम्म्याचीच मुभा. मला ती व्यवस्था न्याय्य वाटते, पण महाराष्ट्रात ती नाही.

मुलींचा विषय पुन्हा निघाला, आणि एका आजीनं मेरी रॉय यांचं नाव घेतलं. 1986 च्या त्यांच्या खटल्यानं त्रावणकोरच्या ख्रिस्ती मुलींना भावांएवढा वाटा मिळाला. आमच्याकडे कायद्यात तो आधीपासून आहे, घरात देत नाहीत, असं आजी म्हणाली. कुणी उत्तर दिलं नाही.

प्रोबेटचा, म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून शाबीत करून घेण्याचा, खर्च किती, असंही एकानं विचारलं. भारतीय ख्रिस्ती माणसाच्या मृत्युपत्राला प्रोबेटची सक्ती 2002 च्या दुरुस्तीनं काढून टाकली आहे. त्या भीतीनं मृत्युपत्र टाळू नका.

रात्री साडेनऊ

दिवसाचे मसुदे टाइप करते. भाषा साधी ठेवते, कारण ती करणाऱ्याला आणि वारसांना दोघांनाही कळली पाहिजे. प्रत्येक मसुद्यात एक कलम न विसरता घालते. ज्याला दिलं तो आधीच गेला तर ते कुणाकडे जाईल, आणि ज्या संस्थेला दिलं ती बंद पडली तर ते कोणत्या कामाकडे वळेल. दुसरं एक, उरलेलं सर्व कुणाला, हे लिहिल्याशिवाय कागद संपवत नाही.

वाचणाऱ्यांना माझी विनंती आहे. तुमच्या मंडळीला काही द्यायचं मनात असेल तर या आठवड्यात एका कागदावर आपल्या सगळ्या मिळकती लिहा, आणि शेजारी तुमच्यावर अवलंबून असलेल्या माणसांची नावं. त्यांची सोय झाल्यावर जे उरतं त्यातूनच चर्चचा हिस्सा काढा. ट्रस्टचं प्रमाणपत्र मागून घ्या, दिलेल्या पैशाचा हिशेब ते कसा देतात ते विचारा. हिशेब दाखवायला जी मंडळी कचरते तिला लिहून देऊ नका. आणि जे ठरवाल ते धडधाकट असतानाच करा, घरच्यांना सांगून.